कारखाना, कांदळवन आणि महासीर

मुंबईच्या पूर्व द्रुतगती महामार्गावरून विक्रोळी ओलांडताना एका बाजूला कारखान्यांच्या शेड, कार्यालये आणि कामगारांची वसाहत दिसते. दुसऱ्या बाजूला थेट ठाण्याच्या खाडीपर्यंत कांदळवनाचा हिरवा पट्टा पसरलेला असतो. ज्या शहरात दोन खोल्यांच्या घरासाठी माणसे आयुष्यभराचे कर्ज डोक्यावर घेतात, तिथे शेकडो एकरांचे हे रान टिकून राहिले. त्याला आज कायद्याचे संरक्षण आहे, पण कायद्याच्या कितीतरी आधी एका उद्योगसमूहाने ते राखायचे ठरवले होते. पिरोजशा गोदरेज यांनी १९४० च्या दशकात विक्रोळीची ही जमीन घेतली. तिच्यावर कपाटे, टंकलेखन यंत्रे, फ्रिज बनवणारे कारखाने उभे राहिले. खाडीकडच्या मोठ्या भागात मात्र भराव पडला नाही. १९८५ मध्ये तिथे कांदळवनाच्या अभ्यासासाठी आणि रक्षणासाठी सुनाबाई पिरोजशा गोदरेज यांच्या नावाचे केंद्र सुरू झाले. १९९७ मध्ये या कांदळवनाच्या व्यवस्थापनाला आयएसओ १४००१ हे पर्यावरणविषयक प्रमाणपत्र मिळाले. मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या कांदळवनांच्या तोडीला मनाई केली ती २००५ मध्ये, आणि वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला २०१२ मध्ये.

ओहोटी लागली की हे रान म्हणजे काय चीज आहे ते कळते. तिवराच्या बुंध्याभोवती चिखलातून हजारो श्वसनमुळे टोके वर काढून उभी असतात, कारण खाडीच्या गाळात प्राणवायू जवळजवळ नसतो आणि झाडाला तो हवेतूनच घ्यावा लागतो. त्या मुळांमधून निवट्या कल्ल्यांच्या पिशव्यांत पाणी भरून घेऊन चक्क चिखलावर उड्या मारत फिरतात. एक नांगी अंगापेक्षा मोठी असलेले खेकडे ती वर-खाली हलवून मादीला बोलावतात. याच मुळांच्या आडोशाला कोळंबी आणि मासळीची पिल्ले वाढतात आणि पुढे कोळ्यांच्या जाळ्यात येतात. भरतीच्या लाटांचा जोर हेच रान मोडते. पलीकडे खाडीत दर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. तो भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, म्हणजे रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

कारखानदारीने निसर्गासाठी काय करावे, या प्रश्नाचे पहिले उत्तर विक्रोळीत आहे: जे आहे ते आधी राखावे. तज्ज्ञ या कामाच्या चार पायऱ्या सांगतात. नुकसान टाळणे, टाळता येत नसेल तिथे कमी करणे, झालेले नुकसान जागच्या जागी भरून काढणे, आणि यातले काहीच शक्य नसेल तर दुसरीकडे भरपाई करणे. बहुतेक कंपन्या सुरुवात करतात ती शेवटच्या पायरीपासून. डोंगर आधी सपाट होतो आणि मग पन्नास किलोमीटरवर रोपे लावली जातात. डोंगरावरचे ओढे, बिळे, गवत आणि किडे त्या रोपांबरोबर तिकडे जात नाहीत.

पण खोदूनच झाले असेल तर? सिमेंट चुनखडीशिवाय होत नाही आणि चुनखडी जमिनीच्या पोटात असते. चंद्रपूर जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. त्याचे एक गाजलेले उत्तर केनियातून आले आहे.

मोंबासाजवळच्या बांबुरी सिमेंट कारखान्याने १९५० च्या दशकात किनाऱ्यालगतचा प्रवाळी चुनखडक खणायला सुरुवात केली. वीसेक वर्षांत मागे उरले ते तापलेल्या पांढऱ्या दगडाचे उघडेबोडके खड्डे आणि तळाशी खारट भूजल. १९७१ च्या सुमारास रेने हॅलर या स्विस कृषितज्ज्ञाने तिथे काही उगवते का, हे पाहायला घेतले. त्याने २६ प्रकारची झाडे लावून पाहिली. जगली फक्त तीन. त्यांत सुरू सर्वांत तगडा निघाला. पण सुरूच्या सुया खाली पडून नुसत्या साचत होत्या, कुजत नव्हत्या. माती तयार होईना, आणि माती नाही तर दुसरे काहीच नाही. मग हॅलरच्या लक्षात आले की लाल पायांचे एका जातीचे मिलिपीड, आपल्याकडे पावसाळ्यात दिसणाऱ्या वाणी किड्याचे भाऊबंद, त्या सुया खाताहेत. त्याने ते किडे गोळा करून खाणीत आणून सोडले. त्यांच्या विष्ठेतून ह्यूमसचा पहिला थर तयार झाला. त्या मातीत स्थानिक झाडे लागली. झाडांमागून पक्षी आले. तळ्यांत मासे आणि पाणघोडे सोडले गेले, जिराफ आणि हरणे आली. आज हॅलर पार्क या नावाने ही जागा ओळखली जाते. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी आईपासून तुटलेले ओवेन नावाचे पाणघोड्याचे पिल्लू इथेच आणले गेले आणि म्झी या म्हाताऱ्या महाकाय कासवाशी त्याची मैत्री जगभर गाजली.

बांबुरीवरून कोकणच्या किनाऱ्यावर सुरू लावत सुटावे, असा अर्थ कोणी काढू नये. तिथे सुरू मेलेल्या जमिनीवरचा पहिला पाहुणा म्हणून लावला गेला आणि पुढे त्याने स्थानिक झाडांना जागा करून दिली. घेण्यासारखी आहे ती हॅलरची पद्धत. थोडे लावायचे, काय जगते ते पाहायचे, का जगत नाही ते शोधायचे, आणि हे वर्षानुवर्षे करत राहायचे. एका आर्थिक वर्षात खर्च दाखवून मोकळे होण्याच्या घाईत अशी कामे होत नाहीत.

घाई नसली, चिकाटी असली, शास्त्रज्ञही सोबत असले, तरी काम चुकू शकते. लोणावळ्याच्या महासीरची हकिकत म्हणूनच कंपन्यांच्या प्रत्येक समाजकार्य (सीएसआर) विभागाने वाचावी अशी आहे.

टाटांची जलविद्युत कंपनी सह्याद्रीत धरणे बांधून खोपोलीला वीज तयार करू लागली ती १९१५ मध्ये. धरणामुळे पाणी अडते तसा मासाही अडतो. महासीर हा वाहत्या, स्वच्छ, गारगोट्यांच्या पाण्यातला मासा. पावसाळ्यात तो प्रवाहाच्या उलट वर चढून अंडी घालतो. आपल्या नद्यांतल्या निळसर परांच्या महासीरचे शास्त्रीय वर्णन १८३९ मध्ये कर्नल साइक्स यांनी पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून केले होते. पुढे धरणे, वाळूउपसा, सांडपाणी आणि नदीत सुरुंग लावून केलेली मासेमारी यांनी त्याची दैना उडवली. राहिला तो काही डोहांत, आणि महाडजवळच्या वाळणकोंडीसारख्या ठिकाणी, जिथे देवीचे मासे म्हणून कोणी त्यांना हात लावत नाही.

१९७० च्या दशकात लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटा कंपनीने महासीरचे बीजोत्पादन केंद्र उभारले. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले या मत्स्यशास्त्रज्ञांनी तिथे मोठे काम केले. पूर्ण वाढलेली मादी हलक्या हाताने धरून तिच्या पोटावर दाब दिला की सोनेरी अंडी थाळीत येतात. त्यांत नराचे वीर्य मिसळायचे आणि वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ती पसरून ठेवायची. काही दिवसांत पिल्ले बाहेर पडतात. फलित अंडी ओल्या कापसात ठेवून दूरवर पाठवता येतात, हेही या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. लोणावळ्यात वाढलेले मत्स्यबीज लाखोंच्या संख्येने देशभरातल्या पाण्यात सोडले गेले. एके काळी संकटग्रस्त गणला गेलेला हा मासा आंतरराष्ट्रीय लाल यादीत आता कमी चिंतेच्या गटात आहे.

त्यातले काही बीज कावेरीत गेले. कावेरीत स्वतःचा महासीर होता. पाठीला उंचवटा असलेला, पन्नास किलोपर्यंत वाढणारा हा मासा जगभरच्या गळमाऱ्यांना भुरळ घालत आला होता. बाहेरून आलेला निळसर परांचा महासीर तिथे चांगलाच रुजला. मासा पकडून, मोजून परत सोडणाऱ्या हौशी गळमाऱ्यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. पाहुणा वाढत गेला होता आणि मूळचा मासा नाहीसा होत चालला होता. हा कावेरीचा महासीर नेमका कोणत्या जातीचा, हेही २०१८ पर्यंत पक्के ठरलेले नव्हते. त्या वर्षी त्याची ओळख पटली आणि त्याच वर्षी लाल यादीत त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. एकाच कामाने सह्याद्रीतल्या एका माशाला हात दिला आणि कावेरीतल्या दुसऱ्याच्या ऱ्हासाला हातभार लावला. त्या काळी कोणाच्याही मनात वाईट नव्हते. माशांच्या जातींचे आणि नद्यांच्या वेगळेपणाचे ज्ञानच अपुरे होते. आज ते ज्ञान हाताशी आहे. त्यामुळे कोणत्याही तळ्यात मासे, कोणत्याही डोंगरावर रोपे आणि कोणत्याही माळावर बिया सोडण्याआधी तिथले मूळ रहिवासी कोण, हे विचारण्याची जबाबदारीही वाढली आहे.

आणखी एका माशाची गोष्ट गुजरातेतली. द्वारकेजवळ मिठापूर आहे. तिथे टाटा केमिकल्सचा सोडा ॲश आणि मिठाचा कारखाना आहे. या कंपनीने हात घातला तो कारखान्यापासून बऱ्याच दूरच्या एका प्रश्नाला. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर दरवर्षी व्हेल शार्क येतो. हा जगातला सर्वांत मोठा मासा, बसएवढा लांब, पण खातो प्लवक आणि बारीक जीव. त्याच्या यकृताचे तेल लाकडी होड्यांना चोपडतात म्हणून, आणि पुढे मांसाच्या निर्यातीसाठी, वेरावळच्या परिसरात त्याची सर्रास शिकार होई. माइक पांडे यांच्या माहितीपटाने ती जगासमोर आणली. २००१ मध्ये या माशाला वन्यजीव कायद्यात वाघाइतके संरक्षण मिळाले. कायदा झाला, पण किनाऱ्यावरच्या माणसाला त्याची खबर नव्हती.

२००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरातचे वनखाते आणि टाटा केमिकल्स यांनी मिळून मोहीम सुरू केली. कथाकार मोरारी बापूंनी गावागावांत सांगितले की ही मुलगी बाळंतपणाला माहेरी येते, तिला कोण मारील? गुजराती कोळ्यांच्या काळजाला ते भिडले. पण नुसत्या भावनेवर काम थांबले नाही. व्हेल शार्क जाळ्यात अडकला की त्याला सोडवायला जाळे कापावे लागते, आणि जाळे हे कोळ्याचे भांडवल असते. म्हणून कापलेल्या जाळ्याची भरपाई सरकारकडून मिळू लागली. सुटकेचा पुरावा म्हणून कोळ्यांनीच फोटो काढायचे ठरले, त्यासाठी त्यांना कॅमेरे दिले गेले. जो मासा विकून पैसे मिळत, तो शेकडोंच्या संख्येने त्याच माणसांच्या हातून पुन्हा समुद्रात गेला. २०१८ मध्ये महाराष्ट्रानेही अशीच योजना आणली. संरक्षित सागरी जीव सोडवण्यासाठी जाळे कापले, तर आपल्या कोळ्यांना २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते.

व्हेल शार्कच्या कामात कंपनीने पैसा आणि माणसे दिली, शास्त्र जाणकारांवर सोपवले, कायद्याची बाजू वनखात्याने सांभाळली आणि प्रत्यक्ष काम केले ते कोळ्यांनी. कंपनीच्या फलकापुरते राहिलेले उपक्रम फलक गंजेपर्यंतही टिकत नाहीत. हे काम वीस वर्षे टिकले, कारण ज्यांच्या हातात जाळे होते त्यांच्या नफा-नुकसानीचा विचार आधी झाला.

आता महाराष्ट्राच्या माळावर येऊ. झाडे लावायला जागा हवी म्हटले की कंपन्यांची नजर जाते ती ओसाड दिसणाऱ्या माळरानाकडे आणि सह्याद्रीच्या सड्यांकडे. पुणे-सोलापूर पट्ट्यातली माळराने हे लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक आणि चंडोल यांचे घर आहे. सोलापूरजवळचे नान्नज तर माळढोकासाठी राखलेले. मोकळे गवत ही या प्राण्यांची गरज आहे. तिथे दाट झाडी लावणे म्हणजे त्यांना घराबाहेर काढणे. सड्यांचेही तेच. आठ महिने काळा-तांबडा खडक, आणि पाऊस पडला की तेरडा, सीतेची आसवे, कंदीलपुष्प यांची दाटी. कासचे पठार २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले ते या फुलांमुळे.

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या सड्यावर पवनचक्क्या आहेत. स्वच्छ वीज वापरतो, असे सांगणारे कितीतरी उद्योग अशा पवनऊर्जेवर चालतात, आणि कोळशापेक्षा ती नक्कीच बरी. पण २०१८ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी तिथला अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात अनपेक्षित गोष्ट पुढे आली. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी होते. त्यांची भीती कमी झाल्याने त्यांचे भक्ष्य असलेल्या सरड्यांची संख्या भरमसाट वाढली होती. गळ्याशी निळा-केशरी पंखा उघडून मादीला रिझवणारा हा देखणा सरडा तिथे अंगाने रोडावला होता आणि त्याचे रंगही फिके पडले होते. पात्यांनी एकाही सरड्याला हात लावला नव्हता, तरी पक्षी हटले आणि खालची सगळी घडी विस्कटली. पवनचक्की कुठे उभी राहते याचाही निसर्गाशी संबंध आहे, एवढे तरी वीज विकत घेणाऱ्या कारखान्यांनी ध्यानात घ्यावे.

मोठ्या समूहांकडे जंगले आणि तलाव असतात. एमआयडीसीतल्या वीस-पंचवीस गुंठ्यांच्या कारखान्याने काय करावे? त्याचे काम गटारापासून सुरू होते. ऑगस्ट २०१७ मध्ये नवी मुंबईतल्या तळोजा औद्योगिक वसाहतीत निळ्या रंगाचे भटके कुत्रे फिरताना दिसले. ते खाणे शोधत कासाडी नदीच्या परिसरात हिंडत होते आणि एका कारखान्याच्या रंगाने माखले होते. प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला. कुत्रे निळे झाले म्हणून सगळ्यांना दिसले. त्या पाण्यातले मासे, खेकडे, बेडूक यांचे काय झाले, ते कुणाच्या कॅमेऱ्यात आले नाही. सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा (ईटीपी) रात्रीही चालू ठेवणे, पावसाचे पाणी आणि कारखान्याचे पाणी वेगळ्या नाल्यांतून नेणे, रसायनांचे पिंप उघड्यावर न ठेवणे, ही कामे सीएसआरच्या अहवालात येत नाहीत. नदीच्या दृष्टीने मात्र हजार रोपांपेक्षा ती मोलाची आहेत.

त्यानंतर कुंपणाच्या आतली जमीन. पर्यावरण मंजुरी घेतलेल्या बहुतेक उद्योगांना जागेच्या साधारण एक तृतीयांश भागात हरितपट्टा राखावा लागतो. तिथे भराभर वाढणारा कोनोकार्पस किंवा गिरिपुष्प लावून अट पुरी केली जाते. कोनोकार्पसच्या लागवडीवर गुजरात सरकारने २०२३ मध्ये बंदीच घातली. तेवढ्याच खर्चात देशावर कडुनिंब, हिवर, पळस, बोर, बहावा लावता येतात, कोकणात करंज, उंडी आणि सुरंगी. एक उंबर मोठा झाला की वर्षातून अनेकदा फळतो आणि पाखरांना पोसतो. लिंबाची चार झाडे लावली, तर महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू नीलवंत त्यांवर अंडी घालायला येऊ शकते, फक्त त्यावर कीटकनाशक मारायचे नाही. कुंपणाची भिंत सलग न बांधता तळाशी मोकळी जागा ठेवली की मुंगूस, घोरपड, साप यांची वाट अडत नाही. आवारातले दिवे खाली रोखलेले आणि पिवळसर ठेवले की रात्रीचे किडे कमी मरतात. या गोष्टींना सल्लागार लागत नाही. देखभाल विभागाचा एक जाणता माणूस आणि जवळच्या महाविद्यालयातला वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक पुरतो.

पैशाची तरतूद कायद्याने करून ठेवली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार पाचशे कोटी निव्वळ मूल्य, हजार कोटी उलाढाल किंवा पाच कोटी निव्वळ नफा, यांपैकी एक निकष गाठणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. वनस्पती आणि प्राण्यांचे रक्षण त्या यादीत स्पष्टपणे आहे. सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना पर्यावरणाबद्दलचा सविस्तर अहवाल सक्तीचा केला. कारखाना संवेदनशील क्षेत्राजवळ आहे का, हे त्यात सांगावे लागते. माहितीचाही तुटवडा नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. गावात कुठे कोणता डोह आहे, देवराई कुठवर आहे, कोणते औषधी झाड कुठे उरले आहे, हे गुराख्यांना आणि वैदूंना ठाऊक असते. नोंदवही अर्धवट असेल, तर ती नीट पूर्ण करून देण्याइतके स्वस्त आणि उपयोगी काम कंपनीला दुसरे सापडणे कठीण.

एक सुधारणा तर आज, कोणत्याही नव्या नियमाशिवाय करता येईल. मोठा प्रकल्प येताना पर्यावरणावरील परिणामांचा जो अभ्यास होतो, त्यासाठी साधारणपणे पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती गोळा करणे पुरेसे मानले जाते. सह्याद्रीत आणि माळावर मात्र निम्मे जीवन पावसाळ्यातच जमिनीवर येते. बेडूक, खेकडे, कंद, गवते, फुले, चढणीचे मासे, सगळे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मार्चमध्ये गेलेल्या सर्वेक्षकाला सडा खडकाळ आणि ओढा कोरडाच दिसणार, आणि अहवालातही तसेच लिहिले जाणार. कंपनीने आपणहून एक पावसाळा थांबून, स्थानिक अभ्यासकांना आणि गावकऱ्यांना सोबत घेऊन ती जमीन पाहिली, तर शेड कुठे बांधायची, रस्ता कुठून वळवायचा आणि कोणता कोपरा तसाच सोडायचा, हे नकाशा पक्का होण्याआधीच ठरवता येईल. गावकऱ्यांनाही हे मागता येते. जनसुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी निघते आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळणे हा त्यांचा हक्क आहे. सारांश हातात आला की पहिल्यांदा पाहायचे ते पाहणीचे महिने. त्यांत जुलै-ऑगस्ट नसेल, तर सुनावणीत उभे राहून आपल्या ओढ्यात पावसाळ्यात काय काय असते ते नावानिशी सांगायचे आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला लावायचे.